यंत्राआधी माती : कासूच्या शिवारात मेटल डिटेक्टर

मेटल डिटेक्टर धन शोधत नाही. जमिनीत वीज वाहून नेणारे किंवा चुंबकाला प्रतिसाद देणारे काही आहे का, एवढेच तो सांगतो. ते ‘काही’ म्हणजे चांदीचा रुपया, औषधाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट की नुसती काळी माती, हे ठरवण्याचे काम यंत्र धरणाऱ्याचे. नवे यंत्र आणले की लोक थेट किल्ल्याची वाट धरतात. खरे तर पहिले काही आठवडे यंत्रापेक्षा मातीचा अभ्यास करायला हवा. त्यासाठी पेण आणि नागोठणे यांच्या मधल्या कासूसारखी जागा शोधून सापडणार नाही. खाली आंबा नदीच्या खाडीलगतची खारजमीन, वर डोंगराकडची वरकस जमीन, मध्ये भाताची खाचरे, आणि या सगळ्यांना कापत जाणारे मुंबई-गोवा महामार्ग आणि पनवेल-रोहा रेल्वेमार्ग. यंत्राला चकवणारे जवळजवळ सगळेच प्रकार इथे एका शिवारात भेटतात.

आधी तत्त्व पाहू. यंत्राच्या टोकाच्या तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो. त्याचे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातू आला तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते. दुसरे वेटोळे हा परतीचा संकेत टिपते. संकेत परतताना किती मागे पडला, यावरून यंत्र पडद्यावर आकडा दाखवते. तांबे-चांदीचा आकडा वर जातो, लोखंडाचा बहुधा तळाला राहतो. पण वस्तूचा आकार, जाडी, ती आडवी आहे की उभी, यांवरही हा आकडा हलतो. म्हणून आकड्याला धातूचे नाव समजू नये.

दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ साली याच तत्त्वावरचे यंत्र अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी वापरले. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी संकेत गढूळ केला, हे त्याचे एक कारण मानले जाते. आजूबाजूचा धातू आधी ओळखा, हा धडा यंत्राच्या जन्माइतकाच जुना आहे.

खोलीबद्दल विक्रेते काहीही सांगतात. तबकडीच्या आकाराच्या मानाने वस्तू लांब असेल, तर क्षेत्र जाताना अंतराच्या घनाने घटते आणि येताना पुन्हा घनाने. म्हणजे अंतर दुप्पट झाले की संकेत सुमारे चौसष्टावा भाग उरतो. एकटे नाणे वीतभर खोलीपर्यंत नीट ऐकू आले तर यंत्र चांगले समजावे. ‘अर्ध्या मैलावरून सोने दाखवतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कांड्या निव्वळ फसवणूक आहेत. अशीच निरुपयोगी उपकरणे बॉम्बशोधक म्हणून विकणाऱ्याला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे या धंद्यात पूर्वी मांत्रिक होता. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आता कांडीला यंत्राचे रूप दिले जाते, इतकाच फरक.

आता माती. कोकणचा पाया काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, आणि त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजांचे कण असतात. खडक झिजला तरी हे कण मुरमात आणि खाचराच्या मातीत उतरतात. तबकडी जमिनीजवळ नेली की धातू नसतानाही यंत्र कुरकुरते ते यांच्यामुळे. त्यावरचा उपाय म्हणजे भूसंतुलन: धातू नसलेल्या जागी तबकडी फूटभर उंचीवरून जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत वरखाली करायची आणि आवाज एकसारखा होईपर्यंत यंत्राला ती माती ‘शून्य’ म्हणून शिकवायची. बहुतेक नवशिके हे घरून निघताना अंगणात एकदाच करतात. कासूला ते पुरत नाही. वरकसीत केलेले संतुलन खाचरात चालत नाही आणि खाचरातले खारीत तर मुळीच नाही.

राबाची जागा याहून अवघड. भाताच्या रोपांसाठी दरवर्षी जिथे पालापाचोळा आणि शेण भाजले जाते, तिथली माती तापून तिच्यातल्या लोहसंयुगांचे अंशतः अधिक चुंबकीय रूपांत परिवर्तन होते. पुराणवस्तुशास्त्रज्ञ जुन्या चुली आणि भट्ट्या याच गुणावरून शोधतात. म्हणून एकाच खाचरात राबाच्या तुकड्यावरून शेजारच्या तुकड्यावर जाताना यंत्र अचानक बोलू लागते. तिथे खड्डा खणणाऱ्याला राखेशिवाय काही मिळत नाही.

खारजमिनीचा त्रास वेगळ्याच जातीचा. तिथे अडथळा चुंबकीय खनिजाचा नसून मिठाच्या पाण्याचा असतो. ओली खारी माती स्वतःच वीज वाहते, आणि यंत्राला ती पसरट धातूसारखी भासते. एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या साध्या यंत्राला खनिज आणि मीठ दोन्ही एकदम पुसता येत नाहीत. एकाचे संतुलन साधले की दुसरे डोके वर काढते. अनेक कंप्रता एकदम वापरणारी यंत्रे इथे उजवी ठरतात, पण ती महाग. स्वस्त यंत्र असेल तर संवेदनशीलता उतरवावी आणि बांधाच्या कोरड्या बाजूने चालावे. पूर्ण संवेदनशीलता म्हणजे पूर्ण खोली, हा समज खारीत पहिल्याच सकाळी गळून पडतो. वरून जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या आणि रेल्वेच्या विजेच्या तारा आपली भर घालतातच. खिशातला मोबाईलही बाजूला ठेवावा.

हंगामही पाहावा लागतो. पावसात खाचरे पाण्याखाली. कापणी झाल्यावर, वालाचे पीक उभे राहण्याआधी, थोडे दिवस मिळतात, नंतर उन्हाळा. शेतमालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, हे सांगायला नको.

शिकण्याची खरी जागा म्हणजे परसातला पुरेसा लांब पट्टा. आधी तो यंत्रानेच धुंडाळून रिकामा करावा: खिळे, पत्र्याचे तुकडे, तारा काढून टाकाव्यात. मग त्यात बोटभर, चार बोटे आणि वीतभर खोलीवर ओळखीच्या वस्तू पुराव्यात. लोखंडी खिळा, बाटलीचे बूच, गोळ्यांच्या पाकिटाचा चांदीसारखा तुकडा, जुना भोकाचा पैसा, चांदीचे जोडवे, हल्लीचा एक रुपया. प्रत्येकावरून तबकडी जमिनीला समांतर, दोन बोटे उंचीवर, दोन्ही बाजूंनी फिरवून आवाज ऐकावा. मग काटकोनात वळून पुन्हा ऐकावा. दोन्ही दिशांनी सारखा उमटणारा आवाज बहुधा गोल वस्तूचा, एकाच बाजूने खरखरणारा बहुधा लोखंडाचा.

या पट्ट्यावर दोन धक्के बसतात. पहिला रुपयाचा. १९९२पासूनचा एक रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा आहे, त्यामुळे ‘लोखंड गाळा’ हे बटण दाबले की यंत्र सरकारी नाण्यालाही भंगार समजू शकते. उलट १९४३ ते १९४७मधला भोकाचा पैसा कांशाचा, शिवराई तांब्याची, आणि १९४०पूर्वीचा रुपया नव्वद टक्क्यांहून अधिक चांदीचा. ही नाणी स्पष्ट बोलतात. नागोठणे हे जुने खाडीबंदर, त्यामुळे अशी नाणी या वाटांवर पडलेली असू शकतात. दुसरा धक्का सोन्याचा. छोटी अंगठी किंवा मंगळसूत्राची वाटी यांचा आकडा मधल्या पट्टीत येतो, नेमका ॲल्युमिनियमच्या तुकड्यांच्या शेजारी. कचरा नको म्हणून ॲल्युमिनियम गाळणारा माणूस सोनेही गाळून बसतो. बारीक साखळी तर कडी-कडीने दिसते, म्हणून लावणीत हरवलेली साखळी एकसंध तुकड्याहून फार उशिरा हाती लागते. उलट गंजलेला मोठा पत्रा किंवा बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा कधीकधी चांदीइतका वरचा आकडा दाखवतो. नियम सांगायचा तर एकच: सुरुवातीचे दिवस काहीही न गाळता ऐकावे आणि उकरून पाहावे. कंटाळवाणे आहे, पण कान याशिवाय तयार होत नाही.

उकरण्याबद्दल थोडेच. फावड्याऐवजी खुरपे घ्यावे, मातीचा गड्डा अखंड काढावा, वस्तू मिळाल्यावर खड्डा पुन्हा तपासून बुजवावा. बांध कधीही फोडू नये.

राहिला कायदा, आणि इथे हौशी माणसाचे अज्ञान महागात पडते. १८७८चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मालकी कोणी सिद्ध केली नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि उरलेला भाग जमीनमालकाला, अशी वाटणीची तरतूदही त्यातच आहे. म्हणजे कळवण्यात तोटा नाही. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या जागी सापडलेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी मार्च २०२१मध्ये ताब्यात घेतली. ती कळवली गेली नव्हती. मार्च २०२५मध्ये, ‘छावा’ चित्रपटानंतर, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी मोगलांचा खजिना पुरल्याची अफवा पसरली आणि लोक रात्री विजेऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेते खणू लागले. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय खोदकाम हा तर थेट गुन्हा. शिवाय नाणे कोणत्या थरात, कशाशेजारी होते, ही माहिती ते एकदा उकरले की परत मिळत नाही. अवचितगड, सांकशी किंवा रायगड जिल्ह्यातल्या इतर कोणत्याही गडावर यंत्र नेऊ नका, आणि रेल्वेच्या हद्दीतही नाही. स्वतःच्या किंवा परवानगीच्या शेतात शिका, शेजाऱ्यांचे हरवलेले दागिने शोधून द्या, आणि नाण्यांचा साठा किंवा जुनी मूर्ती लागली तर खुरपे तिथेच थांबवा, जागेसह फोटो काढा आणि अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.