एचआर शिकायचंय? डिग्रीत नेमकं काय शिकवतात आणि गोडदेवच्या गाळ्यात त्याचा काय उपयोग

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की भाईंदर पूर्वेला दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. कोणी सीए म्हणतं, कोणी बँकेच्या परीक्षा. आणि 'मला लोकांशी बोलायला आवडतं' असं म्हणणाऱ्याला कोणीतरी सुचवतं, 'मग एचआर कर ना!'

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. ह्युमन रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, या विषयात बोलण्याइतकंच वाचणं, मोजणं आणि लिहून ठेवणं असतं. माणसाला कामावर घेतल्यापासून त्याचा शेवटचा हिशेब होईपर्यंतची सगळी जबाबदारी या विभागाकडे येते. त्यात चूक झाली तर फटका कोणाच्या तरी पगाराला, पीएफला किंवा ग्रॅच्युइटीला बसतो.

डिग्रीत हा विषय कुठे असतो, त्यात काय शिकवतात आणि प्रवेश घेण्याआधी काय तपासायचं, ते समजून घेऊया.

थोडक्यात

- बीकॉममध्ये एचआर हा अनेक विषयांपैकी एक असतो. बीएमएसमध्ये त्यात स्पेशलायझेशन घेता येतं.
- भरती, प्रशिक्षण, पगार, कामाचं मूल्यमापन, कामगार कायदे आणि तक्रार निवारण हा विषयाचा गाभा.
- २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या पुस्तकातले कायदे आणि आकडे तसेच पाठ करून चालणार नाही.
- कारखान्यात कल्याण अधिकारी व्हायचं असेल तर फक्त पदवी पुरत नाही. मान्यताप्राप्त कोर्स लागतो.

मुंबईत हा विषय आला कुठून?

एचआर म्हटलं की काचेचं ऑफिस डोळ्यासमोर येतं. मुंबईत मात्र या विषयाची मुळं गिरणगावात आहेत.

कापड गिरण्यांमध्ये कामगार भरतीची सूत्रं जॉबरकडे असायची. कोणाला कामावर घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं हे तोच ठरवायचा. बरेचदा तो आपल्याच गावची माणसं आणायचा आणि नोकरी लावून दिल्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. आज वर्गात 'निवड प्रक्रिया निष्पक्ष का हवी' हा मुद्दा शिकवतात, त्याचं खरं उदाहरण परळ-लालबागच्या गिरण्यांच्या फाटकावर सापडतं.

'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० मध्ये कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, ती त्यांच्या प्रयत्नांमुळे. पुढे जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात भरती जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावी, अशी शिफारस केली. आजच्या एचआर ऑफिसरचा हा पूर्वज म्हणता येईल.

शिक्षणही याच काळात सुरू झालं. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. १९४७ मध्ये सरकारने कामगारविषयक अभ्यासासाठी संस्था सुरू केली. परळची ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. १९४८ च्या कारखाने कायद्याने तर ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं.

थोडक्यात, या पदाचा जन्म कंपनीची गरज आणि कामगाराचा हक्क या दोन्हींतून झाला. ती दुहेरी निष्ठा या नोकरीत आजही असते. ती ज्याला समजली, त्याला विषयाचा अर्धा भाग समजला.

डिग्रीत एचआर कुठे असतं?

गोडदेव मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, ठाणे जिल्ह्यात येतं. इथली पदवी कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. गोडदेवचं अभिनव कॉलेज असो की नवघरचं शंकर नारायण कॉलेज, कॉमर्स शिकायला लोकल पकडावीच लागते असं नाही.

*बीकॉम :* मुंबई विद्यापीठाच्या आधीच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या पाचव्या सत्रात कॉमर्सचा पेपर मार्केटिंगचा आणि सहाव्या सत्रात ह्युमन रिसोर्स मॅनेजमेंटचा असायचा. म्हणजे साधं बीकॉम केलेल्या विद्यार्थ्यानेही हा विषय एकदा वाचलेला असतो. संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण टप्प्याटप्प्याने आलं. त्यात मेजर, मायनर, कौशल्य विषय अशी विभागणी असते. त्यामुळे एचआर कोणत्या सत्रात, किती क्रेडिटला आहे हे कॉलेजकडूनच विचारून घ्यावं.

*बीएमएस :* व्यवस्थापनाची पदवी. सुरुवातीला सगळ्यांना जवळपास सारखे विषय, मग फायनान्स, मार्केटिंग किंवा एचआर यांतून निवड.

इथे नावाचा गोंधळ लक्षात ठेवायला हवा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्य सीईटी सेलने त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. त्यानंतर अनेक कॉलेजांनी बीएमएसचं नाव 'बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)' असं केलं. परिणामी दोन शेजारच्या कॉलेजांमध्ये बराचसा सारखा अभ्यास वेगळ्या नावाने असू शकतो. एकीकडे सीईटी लागते, दुसरीकडे लागत नाही. फॉर्म भरण्याआधी पदवीचं पूर्ण नाव वाचा.

वर्गात नेमकं काय शिकवतात?

पुस्तकातले इंग्रजी शब्द बाजूला ठेवले तर विषय सहा प्रश्नांवर उभा आहे.

१. *माणसं किती आणि कशी हवीत?* कामाचं विश्लेषण. एखाद्या कामात रोज काय करावं लागतं आणि त्यासाठी कोणतं कौशल्य हवं, हे आधी कागदावर उतरवायचं.

२. *ती आणायची कुठून, निवडायची कशी?* जाहिरात, ओळखीतून भरती, मुलाखत, चाचणी आणि प्रत्येकाचे फायदे-तोटे.

३. *शिकवायचं कसं?* प्रत्यक्ष कामावरचं आणि कामाबाहेरचं प्रशिक्षण.

४. *काम चांगलं झालं हे ठरवायचं कसं?* साहेबाच्या मर्जीवर न सोडता मूल्यमापन करायच्या पद्धती.

५. *मोबदला किती आणि कसा?* मूळ पगार, भत्ते, बोनस, पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी.

६. *भांडण झालं तर?* तक्रार निवारण, शिस्तभंगाची चौकशी, युनियनशी वाटाघाटी, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती.

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं परीक्षेत सहज लिहिता येतात. पाचव्या आणि सहाव्याकडे विद्यार्थी 'थिअरी' म्हणून दुर्लक्ष करतात. नोकरीत सगळ्यात जास्त काम मात्र तिथेच पडतं.

गोडदेवच्या गाळ्यात एचआर असतं का?

भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेट आहेत. स्टीलची भांडी, प्लास्टिक, पॅकिंग, इंजिनिअरिंगची छोटी कामं. अशा छोट्या गाळ्यात 'एचआर' अशी पाटी सहसा दिसणार नाही. हजेरीचं रजिस्टर सुपरवायझरकडे, पगार अकाउंटंटकडे आणि अंतिम शब्द शेठचा.

पण विभाग नसला म्हणून जबाबदारी संपत नाही. कोणती जबाबदारी कधी लागू होते, हे प्रामुख्याने माणसांच्या आकड्यावर ठरतं.

- १० माणसं : ईएसआय लागू. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेले कामगार त्यात येतात. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाविरोधातली अंतर्गत समितीही याच आकड्यापासून.
- २० माणसं : पीएफ लागू. नव्या संहितेनुसार तक्रार निवारण समितीही.
- ५० माणसं : पाळणाघराची सोय.
- २५० कामगार : कारखान्यात कल्याण अधिकारी. आधी ही मर्यादा ५०० होती.

याच्या उलट दिशेनेही बदल झाला आहे. आधी वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो 'कारखाना' ठरायचा. नव्या संहितेत हा आकडा २० झाला. वीज न वापरणाऱ्या ठिकाणी २० चे ४० झाले. म्हणजे १५ माणसांचा, मशिनवर चालणारा गाळा नव्या संहितेनुसार कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. गोडदेवसारख्या छोट्या गाळ्यांच्या भागात हा आकडा महत्त्वाचा आहे. तरीही त्या गाळ्यात ईएसआय आणि ग्रॅच्युइटी लागू राहतात. हा फरक मालकाला आणि कामगाराला नीट समजावून सांगणारा माणस म्हणजेच एचआर शिकलेला माणूस.

पगाराच्या पावतीचं गणित

विषय किती कामाचा आहे, हे एका हिशेबातून कळतं.

समजा, एका कामगाराचा महिन्याचा एकूण पगार १८,००० रुपये आहे. पावतीवर मूळ पगार फक्त ६,००० आणि बाकी १२,००० घरभाडे, प्रवास असे वेगवेगळे भत्ते. हातात येणारी रक्कम तीच, त्यामुळे कोणी प्रश्न विचारत नाही.

ग्रॅच्युइटी काढताना शेवटच्या महिन्याच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणतात आणि नोकरीच्या वर्षांनी गुणतात. जुन्या पद्धतीने ६,००० धरले तर पाच वर्षांचे सुमारे १७,३०८ रुपये होतात.

नव्या संहितेनुसार वेतनातून वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. इथे वेतन ९,००० धरलं जाईल. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी होते सुमारे २५,९६२ रुपये.

फरक ८,६५० रुपयांच्या आसपास. ज्याला हा नियम माहीत नाही, तो हिशेब करताना एका माणसाचे तेवढे पैसे कमी करेल. तेही कोणताही वाईट हेतू नसताना.

मग जुनी पुस्तकं टाकून द्यायची का?

नाही. २९ केंद्रीय कायदे एकत्र करून चार संहिता झाल्या : वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य. बऱ्याच तरतुदींचं मूळ जुन्या कायद्यांतच आहे. पण काही आकडे बदलले आहेत, ते वहीत वेगळे लिहून ठेवावेत :

- नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत.
- ठराविक मुदतीच्या नोकरीत एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी. कायम कामगारासाठी पाच वर्षांची अट कायम.
- प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र.
- कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर.

शेवटचा मुद्दा वर्गात वादाचा ठरतो आणि ठरायलाच हवा. उद्योगांच्या मते यामुळे भरती करायची भीती कमी होईल. कामगार संघटनांच्या मते नोकरीची सुरक्षितता कमी होईल. एचआरच्या विद्यार्थ्याला दोन्ही बाजू मांडता यायला हव्यात.

पदवीनंतर पुढे काय?

- *परळ :* लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत मास्टर ऑफ लेबर स्टडीज. कामगार कायदे आणि औद्योगिक संबंधांत रस असणाऱ्यांसाठी. भाईंदरहून लोकलने प्रभादेवीला उतरता येतं.
- *देवनार :* टिसचा ह्युमन रिसोर्स मॅनेजमेंट अँड लेबर रिलेशन्समधला एमए. देशातल्या नावाजलेल्या कोर्सपैकी एक, प्रवेशाची स्पर्धा तीव्र.
- *चर्चगेट :* मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था, स्थापना १९६५. नोकरी करणाऱ्यांसाठी एमएचआरडीएम हा तीन वर्षांचा अर्धवेळ कोर्स.
- *एमएमएस किंवा एमबीए :* सीईटी देऊन प्रवेश, दुसऱ्या वर्षी एचआर स्पेशलायझेशन.

लगेच नोकरी हवी असेल तर सुरुवात बहुतेकदा रिक्रूटर किंवा पेरोल असिस्टंट म्हणून होते. रिक्रूटरचा दिवस फोनवर जातो, पेरोलवाल्याचा एक्सेलमध्ये. लोकांशी बोलण्याची आवड पहिल्या कामात उपयोगी पडते. पण कायद्याची सवय दुसऱ्या कामात लागते, आणि पुढे जबाबदारीचं पद सांभाळताना तीच कामी येते.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला विचारायचे पाच प्रश्न

१. पदवीवर नेमकं काय नाव छापून येणार?

२. एचआर स्पेशलायझेशन प्रत्यक्षात चालतं का, की पुरेसे विद्यार्थी नसले तर बंद होतं?

३. इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की स्वतः शोधायची?

४. कामगार कायदा शिकवणारे प्राध्यापक नव्या संहिता शिकवतात का?

५. फीमध्ये काय काय धरलं आहे, आणि पावती मिळते का?

'तीन महिन्यांत एचआर मॅनेजर' अशा जाहिरातींकडे पाहतानाही हीच यादी वापरता येते. पेरोल सॉफ्टवेअरचा छोटा कोर्स उपयोगी पडू शकतो, पण पदवीची जागा तो घेत नाही.

आणि इंटर्नशिप शोधायला अंधेरीलाच जायला हवं असं नाही. २०-२५ माणसांच्या गाळ्यात हजेरी, पीएफ, ईएसआय आणि पगारपत्रक एकाच टेबलावर असतं. मोठ्या कंपनीत हेच काम चार जणांत वाटलेलं असतं. गोडदेवच्या नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असा एखादा गाळा मिळाला आणि मालकाने रजिस्टर दाखवायची तयारी दाखवली, तर दोन महिन्यांत पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण हाताने लिहून होईल.