मानसशास्त्राचा पहिला वर्ग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेतील महाविद्यालयांत मनाचे अध्यापन नीतिशास्त्राच्या आश्रयानेच चाले. पदवीच्या अखेरच्या वर्षी बहुधा प्राचार्य स्वतः, आणि ते प्रायः पाद्रीच असत, विद्यार्थ्यांना मनाच्या शक्तींचे विवरण ऐकवीत. हा मक्ता हार्वर्डमध्ये मोडला, आणि तो मोडणारा विल्यम जेम्स हा वैद्यकाची पदवी घेतलेला, शरीरशास्त्र शिकविण्यासाठी नेमलेला गृहस्थ होता. 1875 साली त्याने शरीरक्रिया व मानसशास्त्र यांच्या परस्परसंबंधांवर पदव्युत्तर वर्ग उघडला आणि पुढील वर्षी तो विषय पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे मांडला; विद्यापीठाच्या दप्तरी मात्र या वर्गाची नोंद निसर्गेतिहासाखाली झाली. या विषयावरचे आपण ऐकलेले पहिले व्याख्यान आपलेच, असे जेम्स विनोदाने म्हणे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. पाठ्यपुस्तक म्हणून त्याने हर्बर्ट स्पेन्सरचा ग्रंथ लावला, आणि त्याच स्पेन्सरच्या मनोव्याख्येचे खंडन 1878 साली छापून प्रसिद्ध केले!

त्याच वर्षी हेन्री होल्ट या प्रकाशकाशी स्वतःच्या पुस्तकाचा करार झाला. दोन वर्षांची मुदत बारा वर्षे लांबली, आणि 1890 साली सुमारे चौदाशे पृष्ठांचे दोन खंड बाहेर पडले. एवढा ग्रंथ वर्गात चालणे दुरापास्त, म्हणून 1892 साली त्याची संक्षिप्त आवृत्ती निघाली. विद्यार्थी थोरल्या ग्रंथास ‘जेम्स’ आणि धाकट्यास ‘जिमी’ म्हणू लागले. या धाकट्या पुस्तकाचे मला विशेष कुतूहल वाटते. सुट्या संवेदनांची जुळणी करून मन उभे करणे ही रीतच चुकीची, अभ्यासाचा आरंभ जाणिवेच्या अखंड प्रवाहापासून व्हावा, असे प्रतिपादन करून जेम्सने थोरल्या ग्रंथात संवेदनेचे प्रकरण दुसऱ्या खंडात ढकलले होते. धाकट्यात मात्र डोळा, कान, त्वचा आधी, मेंदू त्यामागून, आणि जाणिवेचा प्रवाह अकराव्या प्रकरणी. अध्यापनाच्या सोयीपुढे सिद्धांताने घेतलेली ही माघार होय, असे माझे मत आहे. आजही प्रथम वर्षाची बहुतेक पाठ्यपुस्तके मेंदू व इंद्रिये आटोपल्यावाचून विचाराकडे वळत नाहीत.

पुस्तक हातावेगळे होताच जेम्सचे मन तत्त्वज्ञानाकडे ओढ घेऊ लागले, आणि प्रयोगशाळेचा कारभार सांभाळण्यास त्याने 1892 सालीच जर्मनीतून ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यास आणविले. म्युन्स्टरबर्गच्या हाताखाली शिकून नरेंद्रनाथ सेनगुप्त स्वदेशी परतले, आणि 1916 साली कलकत्ता विद्यापीठात स्थापन झालेल्या मानसशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.