कोपरीतले कोपरकर

माझं आडनाव कोपरकर आणि मी राहतो ठाण्याला, कोपरीत. एवढं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर अवघड गणित सुटल्याचं समाधान पसरतं. "म्हणजे तुम्ही इथले अगदी मूळचे!" १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा माझे खापरपणजोबा रुळांच्या कडेला तोंडात बोट घालून उभे होते, असं चित्र त्याला दिसू लागतं. मी म्हणतो, "नाही हो." आम्ही कोपरीत आलो १९७४ साली, आणि तेही वडिलांच्या ऑफिसातल्या एका स्नेह्यानं इथे स्वस्तात खोली मिळवून दिली म्हणून. शिवाय कोपरीचा झाला तर कोपरीकर होईल, कोपरकर कसा होईल? पण हे व्याकरण ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही.

आडनाव दुर्मिळ असलं की त्याचे हाल काही औरच असतात. जोशी, कुलकर्णी, पाटील यांना ते कळायचं नाही. बड्या आडनावांचे जाडजूड कुलवृत्तान्त निघतात, संमेलनं भरतात, संमेलनात जेवणं होतात. आमचा कुलवृत्तान्त पोस्टकार्डावर मावेल आणि पत्त्यासाठी जागा उरेल. टेलिफोनची डिरेक्टरी घरोघर असायची त्या काळी मी दर वर्षी नवी आली की आधी 'कोपरकर' काढून बघत असे. बोटांवर मोजण्याइतके असायचे, आणि त्यातला एक मीच.

शाळेत तर विचारू नका. कोपर म्हणजे हाताचा सांधा, त्यामुळे कोपराशी संबंधित सगळे वाक्प्रचार मास्तर माझ्यावरच चालवून बघत. गृहपाठ राहिला की वर्गासमोर मला कोपरापासून नमस्कार. मऊ लागलं की कोपरानं खणतात, या म्हणीचा वाक्यात उपयोग करताना मी हमखास उपयोगी पडे. कोपरी नावाचा कपडाही असतो, कोपरापर्यंत बाह्यांचा, शेतकरी घालतात तो. हे कळल्यावर मास्तरांनी माझ्या आडनावासह पत्त्याचीही सोय केली.

आमच्याच वर्गात एक पेणकर होता. गणपती जवळ आले तेव्हा मास्तर त्याला म्हणाले, "अरे, तुमच्या पेणहून आम्हाला एक चांगली मूर्ती सांग की." तो लाजून म्हणाला, "सर, आमच्यात गणपती नसतो." तो बेने इस्राएल होता. ठाण्यात त्यांचं प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभं आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावं, सगळी कुलाब्याकडच्या गावांवरून आलेली. त्या गावांतून ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळसे इस्राएलला गेले, आमचा पेणकरही गेला. जाताना बाकी काय काय नेलं ठाऊक नाही, पण पेण नक्की घेऊन गेला.

आमचं कोपर कुठलं, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. वडिलांनी लहानपणी त्यांच्या आजोबांच्या तोंडून "आपलं गाव कोपर" एवढंच ऐकलं होतं. कुठलं कोपर, हे विचारायचं राहिलं. सात-आठ वर्षांच्या मुलाला गाव एकच असतं, त्याच्या नावाची दुसरी गावं असतील हे त्याला काय ठाऊक! दिवा आणि डोंबिवलीच्या मध्ये एक कोपर आहे, त्याला आता स्टेशनही आहे. खाडीपलीकडे खैरण्याला चिकटलेलं दुसरं कोपर आहे. नवी मुंबईत वाशीजवळ आणखी एक कोपरी आहे. उमेदवार एवढे आणि कुणाकडेच पुरावा नाही, म्हणजे ही निवडणूक बिनविरोध होण्यातली नव्हती.

मग मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागलो. ही संस्था १८९३ सालची, तेव्हा तिच्या एखाद्या कपाटात आमचं गाव धूळ खात पडलेलं असेल अशी आशा होती. पण कोपर शोधायला गेलो आणि हाती लागलं वॉशिंग्टन.

ही खरी गोष्ट आहे. वॉशिंग्टन हे मुळात ईशान्य इंग्लंडातल्या डरॅममधलं एक खेडं. बाराव्या शतकात तिथे एक विल्यम आला. तो हार्टबर्न नावाच्या गावचा, म्हणून आधी हार्टबर्नकर होता. गाव बदललं तसा वॉशिंग्टनकर झाला. साहेबाला 'कर' लावायचं सुचलं नाही, एवढाच फरक. इंग्लंडात हे आडनाव आमच्यासारखंच विरळ राहिलं. सतराव्या शतकात त्यातला एक जण व्हर्जिनियात जाऊन स्थायिक झाला आणि त्याचा पणतू जॉर्ज १७८९ मध्ये अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला. त्या जॉर्जला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. आणि २००० सालच्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे लोक किती निघाले? सुमारे १ लाख ६३ हजार! त्यांतले नव्वद टक्के काळे.

हे वाचून मी पुस्तक उलटं तर धरलेलं नाही ना, ते पाहिलं. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. मग शाळेत, कचेरीत, पगाराच्या वहीत आडनाव सांगायची वेळ आली. काहींनी मनातल्या मनात ते आधीच धरून ठेवलेलं होतं, काहींनी तेव्हा घेतलं. बुकर वॉशिंग्टन हे पुढे मोठे शिक्षणतज्ज्ञ झाले. लहानपणी ते शाळेत गेले तेव्हा मास्तर हजेरी घेत होते. प्रत्येक पोराला दोन-दोन नावं आणि यांना एकच, बुकर! आपली पाळी येईपर्यंत पोरानं डोकं चालवलं आणि शांतपणे सांगितलं, "बुकर वॉशिंग्टन." हजेरीच्या रांगेत मीही बसलेलो आहे, म्हणून त्या पोराच्या छातीतली धडधड मला ऐकू येते. आमच्या मास्तरांपुढे मला ते सुचलं असतं तर मी सरदेसाई झालो असतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव चिकटत नाही. कोपरीच्या गावठाणात पाटील भेटतील, म्हात्रे, भोईर भेटतील. कोपरीकर मला एवढ्या वर्षांत भेटलेला नाही. गावात असताना कोण कुणाला गावावरून हाक मारणार? ती हाक परक्या मुलखातले लोक मारतात. दीनानाथांच्या घराण्याचं आडनाव हर्डीकर. त्यांनी मंगेशी सोडली आणि ते मंगेशकर झाले. आमचा कुणीतरी कोपर सोडून निघाला. कर्ज होतं, भाऊबंदकी होती की दुष्काळ, देव जाणे. ज्या गावात तो टेकला तिथल्या लोकांनी त्याला कोपरकर म्हटलं आणि आम्हाला आडनाव मिळालं.

हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा शेजारचे दादाही बसले होते. दादा सिंधी. १९४७ नंतर सिंधमधून आलेली माणसं कोपरीत वसली, त्यांतलं त्यांचं घर. त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'आणी' आहे, म्हणजे अमक्या पूर्वजाचे वंशज. त्यांना पूर्वज पाठ, आम्हाला गावाचं नुसतं नाव पाठ. दादा म्हणाले, "कोपरकर साब, तुमचं गाव मिळत नाही. माझं मिळतं. शिकारपूर. गल्ली ध्यानात आहे, घराचा ओटा ध्यानात आहे. पण जाणार कसा?" वडील काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी पुन्हा सांगितला.

दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "मला ते स्टेशनवालं कोपर तरी दाखव." वय एकोणनव्वद, हातात काठी. दुपारच्या रिकाम्या गाडीनं गेलो. कोपरला खाली आपली लोकल आणि वरच्या मजल्यावर वसईची गाडी. वडील बाकावर बसले आणि बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिले.

"सपाट आहे रे," ते म्हणाले. "आजोबा सांगायचे, गावात शिरताना चढ लागतो."

"वसईच्या गाडीला जायचा जिना आहे की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी साठीचा माणूस पुन्हा चौथीत गेलो. येताना ते एवढंच म्हणाले, "बरं आहे गाव. पण आपलं नव्हे."

परवा संध्याकाळी दादा हातात मोबाइल घेऊन आले. त्यांचा नातू नोकरीसाठी पुण्याला आहे. त्याच्या खोलीतल्या मराठी मित्रांना त्याचं आडनाव नीट म्हणता येईना, म्हणून ते त्याला कोपरीकर म्हणतात. आता ऑफिसातही तेच चालतं. दादांना हसू आवरत नव्हतं. "साब, शिकारपूरचे आम्ही, आणि पोरगा कोपरीकर!"

वडिलांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि मोबाइलमधला नातवाचा फोटो नीट पाहिला.

"दादा, त्याला एक निरोप द्या," ते म्हणाले. "पुढे पोरांना सांगशील तेव्हा नुसतं कोपरी सांगू नकोस म्हणावं. ठाण्याची कोपरी, असं सांग. स्टेशनच्या पूर्वेला."