न उतरणारा थकवा

दिवसभर औत हाकलेला माणूस रात्री भाकरी खाऊन अंग टाकतो आणि सकाळी पुन्हा कामाला लागतो. पण जो थकवा झोपूनही उतरत नाही, थोडे श्रम होताच माणसाला अंथरुणाला खिळवतो, त्याला काय म्हणावे?

लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात १९५५ च्या जुलैत एक साथ आली. डोके दुखे, स्नायू दुखत, अंगात त्राण उरेना. नोव्हेंबरपर्यंत २९२ कर्मचारी आजारी पडले. मध्यंतरी इस्पितळच बंद ठेवावे लागले. कित्येकांचे दुखणे लांबले, पण जंतू काही सापडला नाही.

मग १९७० साली मॅकएव्हडी आणि बिअर्ड या मनोविकारतज्ज्ञांनी, रुग्णांना न भेटता, जुनी टिपणे तपासून निकाल दिला की, हा उन्मादाचा प्रकार! रुग्णांत बायका अधिक, हाही त्यांचा एक पुरावा. पुढे वर्षानुवर्षे अशा रुग्णांना ‘मनाचे खेळ’ हेच उत्तर मिळत राहिले.

१९८८ साली अमेरिकेत या विकाराला ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा विकार, हे नाव मिळाले. २०२५ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी पंधरा हजारांवर रुग्णांची जनुके तपासली. आठ ठिकाणी फरक आढळला. त्यांतील काहींचा संबंध रोगप्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी दिसतो. हमखास औषध मात्र अजून नाही.

तेव्हा गुरुजी, तापातून उठलेले एखादे पोर जरा खेळले की दोन दिवस अंथरूण धरू लागले, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याचे ऐका आणि डॉक्टरांकडे पाठवा.