संपाची चूल कुणी पेटती ठेवली?



गटाच्या बैठकीत युनियन, मोर्चा, लाल बावटा असा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "ते गड्यांचं राजकारण, आपल्याला काय करायचंय त्यात?" कुठल्या पक्षाला मत द्या, हे सांगायला मी आज बोलत नाही. पण त्या राजकारणात आपल्या आज्या-पणज्या होत्या, आणि आपला बचत गट ज्या वाटेवर उभा आहे ती वाट त्यांनीही पाडली आहे. तेवढं आज सांगते.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते, कारण आपल्याकडची किती तरी घरं मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली. सातारा, कोल्हापूर आणि कोकणातली माणसं परळ-लालबागच्या गिरण्यांत लागली. बायकाही लागल्या, जास्त करून सूत गुंडाळायच्या खात्यांत. एप्रिल १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांची मोठी सभा भरवली. आठवड्याला एक सुट्टी हवी, ही मागणी होती. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. लिहिता-वाचता येणं मुश्कील, त्या काळात हजारो माणसांपुढे बोलल्या! त्याच वर्षी जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवार सहज म्हणतो, पण तो असा मागून घ्यावा लागला.

पुढं १९२८ साली गिरण्यांचा संप झाला, तो जवळजवळ सहा महिने चालला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी उभी राहिली. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी गिरणीतल्या बायकांना युनियनमध्ये आणलं. बाळंतपणाच्या लाभाचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. पण नंतर यंत्रं बदलली, बायकांची खाती मोडीत निघाली, आणि गिरणीत बाई दिसेनाशी होत गेली.

मग त्या बायका गेल्या कुठं? बऱ्याच जणींनी चूल मांडली. गिरणीतला गडी बायकापोरं गावी ठेवून एका खोलीत दहा-वीस जणांत राहायचा. त्याला दोन वेळची भाकरी करून घालणारी ती खानावळवाली. महिन्याला पैसे घ्यायचे, पहाटेपासून पाळ्यांप्रमाणे डबे करायचे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीक बायकांनी अशा खानावळी चालवल्या.

आता संप म्हणजे काय, ते तिच्या बाजूनं बघा. गिरणी बंद, पगार बंद. पण जेवणारा रोज दारात येतोच. त्याला उपाशी कसं ठेवायचं? वाण्याची उधारी वाढायची, मग डोरलं सावकाराकडं जायचं, मग भांडी. १९७४ साली ४२ दिवसांचा संप झाला, तेव्हाही हेच झालं. संप किती दिवस टिकला, हे पुढाऱ्यांच्या भाषणांइतकंच या चुलींवर ठरत होतं. पण युनियनच्या वहीत तिचं नाव नव्हतं. ती वर्गणीदार नव्हती आणि सरकारच्या लेखी कामगारही नव्हती.

हे ज्यांच्या डोळ्यांत आलं, त्या प्रेमाताई पुरव. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, कम्युनिस्ट पक्षात आणि कामगार चळवळीत काम केलेल्या. संपवाल्यांना जेवू घालणाऱ्या बाईला सावकाराच्या दारात का जावं लागतं, हा त्यांचा प्रश्न होता. १९६९ साली मोठ्या बँका सरकारच्या झाल्या होत्या, गरिबांना कर्ज द्या असं धोरण होतं. १९७५ साली १४ खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. बायकांचे गट करायचे, एकीनं दुसरीची हमी घ्यायची आणि बँकेतून कर्ज काढायचं. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपण गटात आज जे करतो तेच हे. बचत गट हा शब्द आपल्या गावात पोचायच्या कितीतरी आधीचं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली शेवटचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप कुणी मागं घेतल्याचं रीतसर जाहीरच झालं नाही, गिरण्याच संपत गेल्या. खानावळी ओस पडल्या, गडी गावाकडं परतले. त्यांना बायकांनी काय म्हणून ऐकवलं असेल आणि काय करून जगवलं असेल, ते आपल्या घरांना माहीत आहे.

परतलेल्यांतले काही खानापूर तालुक्यातले होते. तिथं दुष्काळ. रोजगार हमीच्या कामावर नुसती खडी फोडायची, त्यातही बायकाच पुष्कळ. संप करून आलेल्या या माणसांनी विचारलं, खडी फोडून दुष्काळ हटतो का? पाणी अडेल असं काम द्या. यातून मुक्ती संघर्ष चळवळ झाली. येरळेची वाळू ठेकेदार नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी थोडी वाळू स्वतः विकून, श्रमदान करून बळीराजा स्मृती धरण बांधलं.

या चळवळीत पुढं असलेले डॉ. भारत पाटणकर, त्यांच्या आई इंदुताई आपल्या कराड तालुक्यातल्या इंदोलीच्या. जन्म १९२५ चा. १९४२ च्या लढ्यात त्या घर सोडून निघाल्या, प्रतिसरकारचं काम केलं. लग्न बाबूजी पाटणकरांशी, कासेगावला. मलकापुरातून हमरस्त्यानं दक्षिणेला गेलं की हे गाव लागतं. १९५२ साली दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले आणि त्याच वर्षी बाबूजींचा खून झाला. इंदुताईंनी शाळेत शिकवून, सासूबाईंच्या आधारानं मुलगा वाढवला, पण चळवळ सोडली नाही. पुढं स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून नवऱ्यानं टाकलेल्या बायकांसाठी त्या लढल्या. मागणी साधी होती, रेशन कार्ड तिच्या नावचं, घर आणि जमीन तिच्या हक्काची. २०१७ साली त्या गेल्या.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर अंगणवाडीत डोकावा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, पन्नासएक दिवस. त्यांना आजही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. काम करणारीला कामगार म्हणायचं नाही, ही खानावळवालीचीच गोष्ट.

आणि त्याचा तोटा खरा असतो. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाच्या सोडतीत घरं मिळतात, त्यासाठी गिरणीतल्या नोकरीचा पुरावा लागतो. पंचवीस वर्षं त्याच कामगारांना जेवू घातलेल्या बाईकडं कुठला कागद असणार?

म्हणून एक काम सुचवते. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की आपल्या गावातल्या मुंबईहून आलेल्या आजींना बोलवा. खानावळ कुठं होती, किती जण जेवायचे, महिन्याला किती पैसे मिळायचे, संपात काय गहाण पडलं, ते विचारा. सालासह गटाच्या वहीत लिहा आणि खाली आजींचा अंगठा किंवा सही घ्या. त्या ऐंशीच्या पुढं गेल्या आहेत, लवकर विचारा.