बिदरच्या बागा आणि इराणचा हिवाळा

इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरात उतरून घाटमाथ्यावरील जुन्नरास पोहोचला. त्याचे गाव त्वेर, तेथे नदी गोठून तिच्यावरून घसरगाड्या धावतात. जुन्नरात त्याला चार महिने अहोरात्र पाऊस आणि चिखल पाहावा लागला. त्याने आपल्या टिपणात या ऋतूला सरळ ‘हिवाळा’ असे नाव देऊन टाकले! घराबाहेर पडू न देणारा ऋतू तो हिवाळा, एवढीच त्याची व्याख्या असावी. पुढे तो बिदरला गेला, आळंदच्या उरुसातील घोडेबाजाराचे वर्णनही त्याने केले. परंतु त्याच्या ओळखीचा हिवाळा त्याला दख्खनमध्ये कोठेच भेटला नाही.

निकितिन एकटा होता. त्याच्याही आधी इराण, खुरासान आणि इराक येथून माणसांचे तांडेच्या तांडे या प्रदेशात येऊन स्थिरावले होते. महंमद शहा बहामनीने शिराझच्या हाफिजला गुलबर्ग्यास येण्याचे आमंत्रण दिले होते. कवी होर्मुझपर्यंत आला आणि समुद्र खवळलेला पाहून माघारी फिरला, अशी कथा फरिश्त्याने सांगितली आहे. जे फिरले नाहीत त्यांची संख्या मोठी. अहमदशहा वलीने १४३० च्या आसपास गुलबर्ग्याहून बिदरला राजधानी हलविली आणि किरमानजवळच्या माहान येथील सत्पुरुष शाह निअमतुल्ला यांना आपल्याकडे बोलाविले. ते स्वतः आले नाहीत. त्यांनी नातू पाठविला, आणि १४३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर पुत्र खलीलुल्लाही बिदरला आले. माहानच्या समाधीवर घुमट चढला तो मात्र दख्खनच्या द्रव्यातून.

या मंडळींनी सोबत काय आणले नाही? भाषा आणली, निळ्या-हिरव्या कौलांची कला आणली, जमिनीच्या पोटातून पाणी वाहून नेणारी ‘कारेझ’ आणली. नौबादच्या कारेझचे उभे झरोके आजही बिदरच्या लाल जांभ्या दगडात दिसतात. पण त्यांच्या मायभूमीतील एक झाड या मातीत नांदणारे नव्हते. ते म्हणजे शफ्तालू. उत्तर हिंदुस्थानात ज्याला आडू म्हणतात ते, इंग्रजी अमदानीपासून आपण ज्याला पीच म्हणतो ते फळ.

युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच्या नावात ‘पर्सिका’ म्हणजे इराणी असा शब्द घातला. वास्तविक हे झाड मूळचे चीनचे. इराण ही त्याच्या प्रवासातील एक पेठ. तथापि किरमानचे पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंच, त्याला मानवले. शरदात पाने गळाली की शफ्तालूची कळी निद्रिस्त होते, आणि तिला जागे करण्यास केवळ ऊब पुरत नाही. आधी सात अंशांखालच्या थंडीचे ठराविक तास तिच्या खाती जमा व्हावे लागतात. एल्बर्टा या प्रसिद्ध जातीस असे सुमारे ८०० तास लागतात, फ्लोरिडात निपजलेल्या फ्लॉर्डासनला सुमारे ३०० आणि फ्लॉर्डाप्रिन्सला अवघे १५०. ही बाकी चुकती झाली नाही तर पालवी उशिरा व विरळ फुटते, कळ्या न उमलताच गळून पडतात.

यावरून ज्या जातीला थंडी अधिक हवी ती थंडी अधिक सोसते, असे कोणी समजेल. ते पुरते खरे नाही. मागणे आणि सोसणे या दोन भिन्न गोष्टी होत. कडाक्याच्या थंडीत कळीच्या गर्भातील पाणी गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जाऊनही द्रवच राहते. उणे वीस-पंचवीस अंशांच्या आसपास ते एकाएकी गोठते आणि कळी मरते. झाड जगते, त्या वर्षाचे फळ जाते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने १९६४ साली ‘रिलायन्स’ नावाची जात दिली, ती उणे २५ अंशांखालच्या हिवाळ्यानंतरही फळे धरते. उलटपक्षी, थोड्या थंडीवर तृप्त होणाऱ्या जातीचा घात निराळ्या वाटेने होतो. थंड मुलखात माघातल्या चार उबदार दिवसांनी ती फसते, फुलून बसते, आणि मागाहून येणारे हिमकण तिचा मोहोर करपवून टाकतात. म्हणजे एकीला हिवाळा पुरत नाही, दुसरीला तो संपल्यासारखा वाटतो.

बिदरचे पठार गुलबर्ग्याहून सुमारे २०० मीटर उंच. राजधानी हलविण्यामागे राजकीय कारणे होतीच, पण येथील हवापाण्याचीही वाखाणणी झाली. परंतु हा थंडावा माणसापुरता. पौषातही येथील पहाट साधारण १५ अंशांची. पारा सातच्या खाली क्वचित उतरतो. ८०० तास कोठून आणावेत? कारेझने पाण्याचा प्रश्न सोडविला. थंडीची कारेझ कोणास खोदता येत नाही. अंजीर, डाळिंब आणि द्राक्ष यांचे तसे नाही. हीही इराणच्या बागांतली झाडे, पण ती दख्खनला मानवली.

येथील माळ्याने हिवाळ्याची उणीव दुसऱ्या युक्तीने भरून काढली आहे. डाळिंबाचे वा संत्र्याचे पाणी तोडून, मुळे उघडी करून, झाडाला ‘ताण’ द्यावयाचा. पाने झडली की खतपाणी घालून मृगाचा किंवा हस्ताचा बहार धरावयाचा. जावा बेटातील बातू येथे सफरचंदाची पाने हातांनी खुडून असाच बहार धरतात. लुधियाना-सहारणपूरकडे शान-ए-पंजाब आणि शरबती या जातींचे शफ्तालू मैदानात पिकतात खरे, पण त्यांना तेथे पंजाबचा हिवाळा मिळतो.

माणसांची गत एकसारखी झाली नाही. अहमदशहाच्या दरबारी ‘बहमननामा’ रचणारा कवी आझरी खुरासानला परत गेला. गिलानचा महमूद गावान १४५३ मध्ये व्यापारी म्हणून आला, वजीर झाला, १४७२ मध्ये त्याने बिदरचा मदरसा उभारला. दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या वैरात बनावट पत्राचे निमित्त होऊन १४८१ साली त्याचा शिरच्छेद झाला. खलीलुल्लांची चौखंडी बिदरहून अष्टूरकडे जाणाऱ्या वाटेवर उभी आहे, किरमानपासून दूर.