हजीऱ्याच्या किनाऱ्यावरची मरियम

सुरत जिल्ह्यातील हजीरा आज ओळखला जातो तो वायुप्रक्रिया प्रकल्प, खतांचा कारखाना, पोलाद उद्योग आणि बंदर यांमुळे. तापी नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे हे गाव वसले आहे. त्याच्या उत्तरेला, त्याच किनारपट्टीवर सुवाली आहे. सतराव्या शतकात सुरतेला येणारी युरोपीय जहाजे याच पट्ट्यात नांगर टाकत. तापीच्या मुखाशी साचलेल्या वाळूमुळे मोठ्या जहाजांना नदीतून शहरापर्यंत जाता येत नसे. सुवालीसमोर मात्र किनारा आणि वाळूचा बांध यांच्यामध्ये खोल पाण्याची एक पट्टी होती. इंग्रज दर्यावर्दी सर हेन्री मिडल्टन याच्या ताफ्याला १६११ मध्ये तिचा शोध लागला आणि पुढे दीर्घकाळ मोगल साम्राज्य व युरोप यांच्यातील सीमा जणू याच वाळूवर आखली गेली.

सीमेवरच्या प्रेमकथा जगात सर्वत्र आवडीने सांगितल्या जातात. अमेरिकेत गोऱ्या वसाहतीतील स्त्री आणि लाकोटा जमातीचा नायक यांच्या कथेला असाच मोठा वाचकवर्ग लाभला. मूळची स्विस असलेली कॅरोलाइन वेल्डन १८८९ मध्ये लाकोटांच्या भूमिहक्कांसाठी त्यांचा नायक सिटिंग बुल याच्याकडे गेली. तिच्या राजकीय कार्यापेक्षा वृत्तपत्रांनी कल्पिलेले प्रेमप्रकरणच अधिक गाजले. हजीऱ्याच्या किनाऱ्याशी निगडित असलेली मरियमची कथा तिच्याहून पावणेतीनशे वर्षांनी जुनी आहे. येथे पात्रांच्या जागा उलट आहेत. परका आहे तो पुरुष, आणि मोगल दरबाराच्या छायेत वाढलेली आहे ती स्त्री.

इंग्रज खानाचा विवाह

कॅप्टन विल्यम हॉकिन्स ऑगस्ट १६०८ मध्ये ‘हेक्टर’ या जहाजातून सुरतेच्या मुखाशी आला. ईस्ट इंडिया कंपनीचे भारताला लागलेले हे पहिले जहाज होय. पोर्तुगीजांनी त्याच्या नौका आणि माणसे पकडली. अशा स्थितीत तो एप्रिल १६०९ मध्ये आग्र्याला पोहोचला. त्याला तुर्की भाषा येत असल्याने जहांगीर बादशहाशी तो दुभाष्याविना बोलू शकला. बादशहाने त्याला चारशे स्वारांची मनसब दिली आणि दरबारात तो ‘इंग्लिश खान’ म्हणून ओळखला जाऊ लागला. गोव्याचे पोर्तुगीज सरकार आणि आग्र्यातील जेझुइट पाद्री यांना इंग्रजांचा हा शिरकाव सलत होता. आपल्याला विष घातले जाईल, या भीतीने हॉकिन्सला ग्रासले होते.

या भीतीवर बादशहाने सुचवलेला उपाय म्हणजे विवाह. घरची स्त्री अन्नपाण्यावर लक्ष ठेवील, असा त्यामागचा विचार होता. आपण ख्रिस्ती स्त्रीशीच विवाह करू, अशी अट हॉकिन्सने घातली. अशी वधू मिळणार नाही आणि विषय आपोआप मिटेल, अशी त्याची अटकळ होती. पण बादशहाला मुबारक शाह या आर्मेनियन ख्रिस्ती सरदाराची कन्या आठवली. हा सरदार अकबराच्या पदरी होता आणि त्याचे निधन झाले होते. हीच कन्या इतिहासात मरियम खान या नावाने ओळखली जाते.

आग्र्यात प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक नव्हता. त्यामुळे ख्रिस्ती साक्षीदारांसमोर हॉकिन्सचाच सेवक निकोलस अफ्लेट याने धर्मोपदेशकाची जागा घेतली आणि विवाह लागला. विवाहानंतर आपण निर्धास्त झालो आणि आपण जाऊ तेथे येण्यास, आपण राहू तसे राहण्यास पत्नी तयार होती, असे हॉकिन्सने आपल्या वृत्तांतात नमूद केले आहे. मरियमच्या मनाविषयी जे हाती लागते, ते असे पतीच्या लेखणीतून.

गोव्याचे निमित्त, सुवालीची वाट

दरबारातील वारे फिरले. सुरतेत इंग्रजांना व्यापार करू देण्याचे वचन बादशहाने कधी दिले, कधी मागे घेतले. अखेर नोव्हेंबर १६११ मध्ये हॉकिन्सने आग्रा सोडले. अडचण होती ती मरियमच्या माहेरची. मुलीला कायमचे सातासमुद्रापार पाठवायला तिची आई आणि भाऊ राजी नव्हते. तेव्हा हॉकिन्सने गोव्याला जाण्याचा बेत पुढे केला. गोवा हिंदुस्थानातच असल्याने नातेवाइकांना तिची भेट घेता येईल, अशी त्यांची समजूत घालण्यात आली. ज्या जेझुइटांशी त्याचे वैर होते, त्यांच्याच मध्यस्थीने त्याने गोव्याच्या व्हाइसरॉयचा अभयपरवाना मिळवला. आपल्या मार्गातून तो दूर होत आहे, याचेच त्या पाद्र्यांना समाधान होते.

गोव्याला मात्र तो गेलाच नाही. खंबायतहून तो मिडल्टनच्या ताफ्याकडे वळला आणि १६१२ च्या प्रारंभी मरियमसह जहाजावर चढला. ताफ्यातील धर्मोपदेशकाने आग्र्याचा विवाह सदोष ठरवल्याने दोघांचा विवाह पुन्हा लावण्यात आला. आईला गोव्याचे नाव सांगून निघालेली मुलगी अशा रीतीने इंग्लंडच्या वाटेला लागली. हा बेत तिला आधीपासून ठाऊक होता की जहाज समोर दिसल्यावर कळला, यावर हॉकिन्सचा वृत्तांत प्रकाश टाकत नाही.

ताफा तांबड्या समुद्रातून जावाच्या बांतामला गेला. १६१३ मध्ये तेथून मायदेशी परतताना हॉकिन्सचा मृत्यू झाला आणि त्याला आयर्लंडमध्ये पुरण्यात आले. पती नाही, भाषा परकी, देश अनोळखी, अशा अवस्थेत मरियम लंडनला पोहोचली. तिच्याजवळ हिरे होते. त्यांतील एकाच हिऱ्याची किंमत दोन हजार पौंड असल्याचे कंपनीच्या दप्तरात नोंदले गेले. पतीच्या येण्यापाशी कंपनीचा हिशेब निघत होता. अखेर दोनशे सुवर्णनाणी देऊन कंपनीने तिच्याशी तडजोड केली. १६१४ मध्ये तिने परतीच्या प्रवासात ओळख झालेल्या कॅप्टन गॅब्रिएल टॉवरसनशी विवाह केला.

त्याच किनाऱ्यावर पुन्हा

सप्टेंबर १६१७ मध्ये टॉवरसन दांपत्य सुवालीला उतरले. पाच वर्षांपूर्वी ज्या वाळूवरून ती गेली होती, तेथेच मरियम परतली. आग्र्यातील सासरच्या आप्तांच्या वजनाने दरबारात आपले बस्तान बसेल, अशी टॉवरसनची अपेक्षा होती. ती फोल ठरली. इंग्रज वकील सर टॉमस रो यालाही स्त्रियांना सोबत घेऊन आलेल्या या मंडळींचा खासगी मनसुबा रुचला नाही. १६१९ मध्ये टॉवरसन पत्नीला तिच्या माहेरच्या माणसांत ठेवून इंग्लंडला निघून गेला आणि पुढे मसाल्याच्या बेटांकडे वळला. १६२३ मध्ये अंबोयना येथे डचांनी कटाचा आरोप ठेवून त्याच्यासह दहा इंग्रजांचा शिरच्छेद केला. कंपनीच्या पत्रव्यवहारात मरियम शेवटी दिसते ती पतीने मागे ठेवलेली आणि निर्वाहासाठी इंग्रज व्यापाऱ्यांकडे मदत मागणारी स्त्री म्हणून.

समकालीन दोन स्त्रिया

ज्या वर्षी टॉवरसन मारला गेला, त्याच वर्षी फेब्रुवारीत रोमन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले सुवालीला उतरला. त्याच्या सामानात त्याच्या पत्नीचे मसाले भरून जतन केलेले पार्थिव होते. सित्ती मआनी ही ख्रिस्ती तरुणी त्याला बगदादमध्ये भेटली होती आणि १६१६ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. १६२१ च्या अखेरीस होर्मुझजवळ मिनाब येथे ती मरण पावली. खलाशी प्रेत जहाजावर घेणार नाहीत, म्हणून त्याने ती पेटी सामानात दडवून आणली होती. पुढे गोवा, कर्नाटकातील इक्केरी आणि पुन्हा गोवा असा प्रवास करून त्याने ते पार्थिव रोमला नेले आणि आराचेली चर्चमध्ये त्याचे दफन केले.

सुरतेत त्याला दोना लुसिया नावाची पोर्तुगीज तरुणी भेटली. कुलीन घरांतील अनाथ मुलींना विवाहासाठी गोव्याला पाठवण्याची पोर्तुगालच्या राजाची प्रथा होती. अशाच प्रवासात लुसियाचे जहाज डचांच्या हाती लागले. गोव्यात पोर्तुगीज वराशी संसार थाटण्यासाठी निघालेली ही मुलगी सुरतेत डच व्यापाऱ्याची पत्नी झाली. बाहेर पतीच्या पंथाचे आचार पाळून ती मनाने कॅथलिकच राहिल्याचे देल्ला वाल्ले सांगतो.

कथेतील नायिका आणि दप्तरातील स्त्री

इंग्रज नाटककार जॉन ड्रायडन याने १६७३ मध्ये ‘अंबोयना’ हे नाटक लिहिले. त्याचा नायक टॉवरसन आहे आणि त्याची वाग्दत्त वधू आहे इसाबिंडा नावाची काल्पनिक एतद्देशीय सुंदरी. मरियमला त्या नाटकात स्थान नाही. दोनदा समुद्र ओलांडलेल्या, दोन कप्तानांशी विवाह केलेल्या आणि अखेर निर्वाहासाठी अर्ज करणाऱ्या खऱ्या पत्नीपेक्षा कल्पित प्रेयसी रंगभूमीला सोयीची वाटली.

मरियम आणि हॉकिन्स यांच्यात प्रेम नव्हते, असे यावरून ठरत नाही. माहेर सोडून तिने केलेला प्रवास लहान नव्हता आणि वृत्तांतात हॉकिन्स तिच्याविषयी समाधानानेच लिहितो. पण या विवाहाची सुरुवात बादशहाच्या सूचनेने झाली, त्याला विषाची भीती कारण ठरली आणि तो टिकवण्यासाठी एका आईला गोव्याचे नाव सांगावे लागले, हेही त्याच वृत्तांतात आहे. सीमेवरच्या प्रेमकथा वाचताना हा तपशील गाळला, तर उरते ती इसाबिंडा.